थंड गाडीचा कानोसा

गॅरेजच्या पाटीवर भलतंच नाव होतं, पण पाटी वाचून तिथे कुणी येत नसे. "कानमिस्त्री कुठे बसतात?" असं विचारलं की कोपऱ्यावरचा केस कापणारासुद्धा कात्री न थांबवता मानेनं दिशा दाखवायचा. हे नाव मिस्त्रीला चाळीस वर्षांपूर्वी चिकटलं आणि मग अंगचंच झालं. बाकीचे मिस्त्री गाडी उघडून बघत, हा आधी ऐकायचा. हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर त्याच्याकडे होता, त्याला सगळे 'दांडी' म्हणत. दांडीचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ गॅरेजात कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा दंडक होता. पत्रेवाल्याचा हातोडा हवेतल्या हवेत थांबायचा. मग मिस्त्री डोळे उघडून एक शब्द बोलायचा, "वॉल्व" किंवा "बेअरिंग" किंवा "पट्टा". तेच उघडायचं, आणि दोष तिथेच असायचा. मिस्त्री बोलल्याशिवाय दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, हाही दंडकच.

असा तो कान दोन वर्षांपूर्वी उतरणीला लागला.

मिस्त्रीला ते घड्याळावरून कळलं. मनगटावरचं चावीचं घड्याळ बंद पडलं म्हणून तो घड्याळजीकडे गेला. घड्याळजीनं ते स्वतःच्या कानाला लावलं, मिस्त्रीकडे बघितलं, आणि परत देत म्हणाला, "चालतंय की, मिस्त्री." पुढे तो काही बोलला नाही आणि मिस्त्रीनंही विचारलं नाही. जाड आवाज येत होते. ठोका, घरघर, माणसाचं बोलणं समोरून असलं तर. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले, घरातून पाहुणे न सांगता निघून जावेत तसे.

त्या दिवसापासून मिस्त्रीनं एक शब्द वापरायचा सोडला. तो शब्द म्हणजे 'काय?' कुणी काही बोललं आणि ऐकू आलं नाही, तर तो म्हणायचा, "बरं." लोक म्हणाले, वय झालं, मिस्त्री निवळला. पत्रेवाला म्हणाला, "पूर्वी दहा रुपये जास्त मागितले तर अंगावर यायचा, आता मागेन ते 'बरं' म्हणतो. देव करो नि असाच राहो!" मिस्त्री तेही 'बरं' म्हणाला, कारण तेही त्याला ऐकू आलं नव्हतं.

घरात तो आणि त्याची लेक, दोघंच. मोटारीचं शिक्षण घेऊन लेक सहा वर्षं बापाच्या हाताखाली काम करत होती. बापाशी बोलताना ती हल्ली थोडी मोठ्यानं बोलायची आणि समोर येऊन बोलायची. का, ते दोघांपैकी एकानंही कधी काढलं नाही.

तर अशात अक्का आली. अक्का म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण. दाजींच्या मूत्रपिंडांनी हात टेकले तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. आठवड्यातून तीनदा, पहाटे सहाच्या आत, रक्त गाळायच्या मशीनवर दाजींना पोचवायचं. त्या वेळेला बस नाही, भाड्याची गाडी येईलच असं नाही. मुलगा दूरच्या शहरात. मग अक्कानं पदर खोचला आणि गाडी शिकली. शिकवणारी पोरगी पहिल्या दिवशी म्हणाली, "आजी, हा ब्रेक." अक्का म्हणाली, "तो मला ठाऊक आहे. तू मला आजी म्हणायला ब्रेक लाव." चार महिन्यांत तिच्या हाती परवाना आला. गाडी मिस्त्रीनंच बघून दिली होती, वीस वर्षांची जुनी, पण हाडापेरानं मजबूत.

"तुझी गाडी पहाटे थरथरते रे," अक्का म्हणाली. "अंगात हीव भरल्यासारखी. मिसिंग मारते म्हणता ना तुम्ही, तसं. चार-पाच मिनिटं असं चालतं, मग आपोआप गप्प. एकदोनदा तर बंदच पडली."

मिस्त्रीनं गाडी चालू केली. अक्का ती तीन मैल चालवत आली होती, इंजिन तापलेलं होतं. गाडी शहाण्या मुलासारखी उभी राहिली.

"ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला.

"डॉक्टरच्या दारात गेलं की तुझ्या दाजींचं पोटही असंच दुखायचं थांबतं," अक्का म्हणाली. "म्हणून दुखत नव्हतं असं होतं का?"

"बरं," मिस्त्री म्हणाला.

लेक पुढे आली. "आत्या, गाडी आज इथेच ठेवा. रात्रभर थंड होऊ दे. सकाळी चालू केल्याबरोबर बघायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडलं तेव्हा बॉनेटवर दवाचे थेंब होते. लेकीनं चोक ओढून किल्ली फिरवली. इंजिन लागलं, आणि अक्का म्हणाली होती अगदी तशी गाडी थरथरायला लागली. आरशातली भिंत हलत होती. टूलच्या पेटीवर ठेवलेला चहाचा कप सरकत सरकत कडेला आला, तो पत्रेवाल्यानं झेलला.

मिस्त्रीनं दांडी उचलली. हातोडा थांबला. मिस्त्रीनं डोळे मिटले.

इंजिनाचे ठोके कानात येत होते, धप, धप, मध्येच एक चुकलेला. पण ठोका चुकतो हे सांगायला कान कशाला लागतो? तो का चुकतो, ते दांडीनं सांगायचं. मिस्त्रीनं टोक इकडून तिकडे सरकवलं. नुसती घरघर, जाड घोंगडीआडून ऐकावी तशी. त्यानं डोळे उघडले तर समोर लेक उभी. ती इंजिनाच्या मागच्या अंगाला, एका ठरावीक जागी बघत होती. तिला काहीतरी ऐकू आलं होतं. मिस्त्री बोलल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून ती थांबली होती.

त्याच क्षणी मिस्त्रीनं तिला विचारलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. त्यानं दांडी खाली घेतली आणि म्हणाला, "प्लग."

"बाबा, मागून बारीक सूं..."

"पट्ट्याचा आवाज आहे तो."

"पट्टा पुढे आहे, बाबा."

"मला शिकवतेस? प्लग काढ."

लेकीनं ओठ मिटले आणि प्लग काढले. चार नवे प्लग बसवले, मिस्त्रीनं वर हळू चालीचा स्क्रू पाव आटा फिरवून इंजिनाला थोडी रेस वाढवून दिली. या सगळ्यात इंजिन बराच वेळ चालू-बंद झालं होतं आणि तापलं होतं. आता किल्ली मारली तर गाडी एकदम शांत.

"बघा!" पत्रेवाला म्हणाला. "कान आहे की काय आहे!"

मिस्त्रीनंही स्वतःला तेच सांगितलं. दोष प्लगचाच असेल. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार कष्ट पडत नाहीत. अक्काला किल्ली देताना तो म्हणाला, "आता गाडीत काही नाही. डोळे मिटून ने."

"डोळे मिटून कशी नेऊ? समोर बघायचं कुणी?" अक्का हसली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला अक्काच्या शेजारणीचा फोन आला. मिस्त्री आणि लेक दोघंही हात न धुताच निघाले.

झालं होतं ते असं. पहाटे अक्का दाजींना घेऊन निघाली. गाडी थरथरत होतीच. चढावरच्या चौकात लाल दिवा लागला म्हणून थांबली, तर इंजिन बंद पडलं. इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर जातो, पॅडल दगडासारखं होतं. अक्कानं सगळं अंग पायावर टाकलं, तरी गाडी मागे घरंगळली आणि मागच्या दुधाच्या गाडीवर जाऊन आदळली. धक्का फार मोठा नव्हता. पण दाजींचं कपाळ दाराच्या कडेला लागलं, तीन टाके पडले, आणि त्या धावपळीत मशीनवरची पाळी हुकली. ती दुपारी कशीबशी मिळणार होती.

दाजी पलंगावर बसले होते. चेहरा सुजलेला, कपाळावर पट्टी. मिस्त्रीला बघून म्हणाले, "या मिस्त्री. माझंही गाळण बिघडलंय आणि गाडीचंही. आता दोघांना एकाच मशीनला जोडा." पण आवाजात नेहमीचं पाणी नव्हतं.

अक्का खिडकीपाशी उभी होती. ती वळली नाही. मिस्त्रीनं तयारी करून ठेवली होती, ती बोलेल, दोष देईल, मग आपण काय म्हणायचं याची. अक्का वळली ती वेगळंच बोलली.

"माझा पाय आता राहिला नाही रे. गाडीत तर काही नाही, तूच सांगितलंस. मग माझंच काहीतरी चुकलं. क्लच लवकर सोडला असेन. नाहीतर ब्रेकच्या जागी दुसरंच काही दाबलं असेन. आठवत नाही मला नीट." तिनं टेबलावर किल्ली ठेवली. "विकून टाक."

"आणि आतोबा?" लेकीनं विचारलं.

"मुलाशी बोलले. त्याच्या घरापासून हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे, चालत. त्याच्या बाहेरच्या खोलीत एक पलंग मावतो. दुसरा मावत नाही. यांना तिकडे पाठवते, मी इथे राहीन. महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येईन."

दाजी भिंतीकडे बघत होते. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस बायकोवाचून चार दिवससुद्धा राहिलेला नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

बहिणीनं आपल्या पायावरचा विश्वास सोडला होता, पण भावाच्या कानावरचा सोडला नव्हता. गाडीत काही नाही असं कानमिस्त्री म्हणाला म्हणजे नाहीच, असं धरून ती बिचारी दोष ठेवायला जागा शोधत होती, आणि तिला स्वतःशिवाय दुसरं कुणी सापडलं नव्हतं. तोंड उघडायची हीच वेळ होती. पण चाळीस वर्षं ज्या नावावर जगलो ते नाव एका वाक्यात खाली ठेवायचं, आणि तेही लेकीसमोर, जिला परवा "मला शिकवतेस?" म्हणून गप्प केलं तिच्यासमोर.

"गाडी इथेच राहू दे रात्रभर," एवढंच तो म्हणाला. "विकायचं नंतर बघू. सकाळी येतो."

घरी आल्यावर लेक समोर येऊन उभी राहिली आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, "उद्या दांडी न्यायची का?"

"घे," मिस्त्री म्हणाला.

सकाळी उजाडताना ते अक्काच्या अंगणात पोचले. गाडी भिंतीला टेकून उभी, मागचा पत्रा चेपलेला, काचेवर दव. दाजी शाल गुंडाळून दारात खुर्चीवर बसले होते. अक्का उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी होती, परक्याची गाडी बघावी तशी.

लेकीनं बॉनेट उघडलं आणि किल्ली फिरवली. गाडी थरथरायला लागली. मिस्त्रीनं दांडी घेतली, टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. दंडक इथपर्यंत ठाऊक होता; दाजींनी खोकला दाबून धरला, आतमध्ये चालू असलेला रेडिओ अक्कानं जाऊन बंद केला. सगळे त्याच्या एका शब्दाची वाट बघत राहिले.

मिस्त्री बराच वेळ तसा उभा होता. मग त्यानं दांडी काढली आणि लेकीपुढे धरली.

"तू ऐक. मला ऐकू येत नाही."

कुणालाच चटकन समजलं नाही. अक्का म्हणाली, "आवाज फार आहे म्हणून का?"

"नाही, अक्का. मलाच ऐकू येत नाही. बारीक आवाज दोन वर्षं झाली येत नाहीत. परवाही आला नव्हता. हिला आला होता, मी हिला गप्प केलं आणि प्लग म्हणून सांगितलं. अंदाजानं. तुझ्या पायाचं काही चुकलेलं नाही."

अंगणात गाडी तेवढी थडथडत होती. लेकीनं दांडी घेतली, पण ती कानाला लावली नाही. तिला तिची गरज नव्हती. ती वाकली आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला बोट दाखवून म्हणाली, "इथे. हवा-पेट्रोल आत नेणारा नळ इंजिनाला जोडलाय ना, त्याच्या पॅकिंगमध्ये. हवा खेचतेय."

"खात्री कर," मिस्त्री म्हणाला. "गाडी तापायच्या आत. साबणाचं पाणी आण."

भांडी घासायच्या साबणाचा फेस वाटीत आला. लेकीनं ब्रशानं तो जोडावर लावायला सुरुवात केली. मिस्त्रीनं आपला तळहात मडगार्डवर ठेवला. पहिल्या जागी फेस लागला, थरथर तशीच. दुसऱ्या जागी लागला, तशीच. तिसऱ्या जागी फेस पडला मात्र, आणि तळहाताखालची थरथर एकदम विझली. फेसानं फट बुजली होती. इंजिनानं चार ठोके सरळ मारले, पाच, सहा, मग फेस आत ओढला गेला आणि गाडी पुन्हा कापायला लागली.

"हीच जागा," मिस्त्री म्हणाला. "पुन्हा लाव." लेकीनं पुन्हा लावला. गाडी पुन्हा शांत झाली. हे ऐकायला कान लागत नव्हता.

"म्हणजे काय झालंय?" दाजींनी विचारलं.

लेकीनं त्यांना समजावून सांगितलं. पॅकिंग जुनं होऊन तडकलंय. थंड असताना केसाएवढी फट पडते, तिच्यातून जास्तीची हवा आत जाते, पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, इंजिन अडखळतं. तापलं की लोखंड फुगतं आणि फट आपोआप मिटते. म्हणून गॅरेजात आली की गाडी शहाणी.

"आणि चौकात?" अक्कानं विचारलं. ती पहिल्यांदा उंबरा उतरून खाली आली होती. "चौकात मी काय केलं असतं तर गाडी थांबली असती?"

"काही नाही, आत्या. हँडब्रेक ओढला असता तर थोडी कमी मागे गेली असती. पण बंद ती पडणारच होती."

अक्का भावाकडे वळली. लहानपणी त्याचा कान फुटला तेव्हा रात्र रात्र त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली ही बहीण. ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, म्हणजे तिला हवं ते सगळं त्याला ऐकू यावं.

"काल दिवसभर मी माझ्या पायाला शिव्या देत होते. यांच्या कपाळातलं रक्त माझ्यामुळे आलं असं म्हणत होते. तू आत, त्याच खोलीत उभा होतास. ऐकलंस ते सगळं?"

"ऐकलं."

"ते बरं ऐकू आलं!"

ती आत निघून गेली. दाजी म्हणाले, "जाऊ दे मिस्त्री, ती..." मिस्त्री कानकोंडा होऊन उभा राहिला. मग त्यानं बाह्या वर केल्या आणि पाना उचलला.

नळ उतरवायला दीड तास लागला. पॅकिंग निघालं ते तिसऱ्या नळीपाशी बिस्किटासारखं तुटलेलं. लेकीनं दोन्ही बाजूंचं लोखंड खरवडून आरशासारखं केलं, नवं पॅकिंग ठेवलं. नट आवळताना मिस्त्री एवढंच म्हणाला, "मधून सुरू कर, मग बाहेर जा. एकदम नको, तीन फेऱ्यांत." लेकीला ते माहीत होतं. तिनं मान हलवली आणि तसंच केलं. मग मिस्त्रीनं परवा वाढवलेली रेस पाव आटा परत उतरवली. हे काम त्यानं कुणाला सांगितलं नाही, स्वतःच केलं.

गॅरेजात ती गोष्ट मिस्त्रीनंच सांगितली, दुपारी, सगळे जमले तेव्हा. पत्रेवाल्यानं हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी तुझ्याबद्दल जे जे बोललो..."

"ते काहीच ऐकलेलं नाही."

"सुटलो!" पत्रेवाला म्हणाला. कुणी फारसं हसलं नाही, तोही नाही.

एक दिवस मध्ये गेला. मशीनची पाळी होती त्या पहाटे मिस्त्री एकटाच अक्काच्या अंगणात जाऊन उभा राहिला. बोलावलं नव्हतं. मुलाकडे जायची पिशवी दाराशी अजून भरलेलीच होती, मिस्त्रीनं ती बघितली. अक्का दाजींना हाताला धरून घेऊन आली, पुढच्या सीटवर बसवलं, शाल नीट केली. भावाकडे तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पलीकडून जाऊन ती स्टिअरिंगच्या चाकापाशी बसली. हात दोन्ही चाकावर होते आणि बोटं पांढरी पडली होती.

गाडी रात्रभर उघड्यावर होती, बर्फासारखी थंड. मिस्त्रीनं बॉनेटवर तळहात टेकवला.

अक्कानं चोक ओढला. किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. मिस्त्री थांबला, तळव्याखाली काय येतंय त्याची वाट बघत. सरळ, एकसारखे ठोके येत होते, झोपलेल्या माणसाची छाती वर-खाली व्हावी तसे. एक मिनिट गेलं, दोन गेली. काचेवरचा दवाचा थेंब जिथल्या तिथे होता, हलला नाही. पाच मिनिटं तसेच ते तिघं राहिले.

मग अक्काच्या बोटांना रंग आला. तिनं चोक आत लोटला, गिअर टाकला, आणि चाकावर नजर ठेवूनच काहीतरी म्हणाली.

मिस्त्रीला नुसते हललेले ओठ दिसले. जुन्या सवयीनं 'बरं' जिभेच्या टोकावर आलं. तो खिडकीपाशी गेला आणि वाकला.

"काय म्हणालीस, अक्का? ऐकू नाही आलं."

अक्का त्याच्याकडे वळली. क्षणभर तिनं त्याच्याकडे बघितलं. मग मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "यांच्या बाजूचं दार नीट लागलं नाही. लाव."

मिस्त्रीनं पलीकडे जाऊन दार लावलं. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि चढाच्या रस्त्याला लागली.